नऊ तासांचा हिशेब

आमच्या शेजारच्या काकूंना कोणी विचारले, "मुलगा कुठे असतो?" तर त्या ऐटीत सांगत, "लंडनला. लांब कसले? नऊ तासांची तर वाट!" काकूंचे म्हणणे खोटे नव्हते. पण विमानाचे तास आणि माणसाचे तास यांचा मेळ बसतोच असे नाही, हे त्यांना एका दिवाळीत कळले.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढाल तर फसाल! पृथ्वी गोल. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, म्हणजे जवळची वाट दिसेल. दोरा सौराष्ट्र, बलुचिस्तान, इराण असा कास्पियन समुद्राकडे वर चढतो. मात्र विमानाला नेहमीच दोऱ्यावरून जाता येत नाही. 2019 च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, तेव्हा जुलैपर्यंत विमानांना वळसे पडले. वळसा पडला की वेळ वाढला, इंधनही वाढले.

दुसरी गंमत वाऱ्याची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून लंडनला जाताना दहा तास लागले, तर तेच विमान परतताना नऊ तासांत येते. सासरी जाताना पाय जड आणि माहेरी येताना हलके, तसेच म्हणा ना!

यापूर्वीची पिढी याहून सोशिक. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान 35 उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेत. 1960 मध्ये बोइंग 707 ही जेट विमाने आली आणि प्रवास झपाट्याने आटोपू लागला.

आता काकूंची गोष्ट. धनत्रयोदशीला संध्याकाळी पाच वाजता काकांना एकाएकी इस्पितळात न्यावे लागले. लगेच मुलाला फोन गेला. लंडनची घड्याळे ऑक्टोबरअखेर तासभर मागे गेली होती, म्हणजे तिथे सकाळचे साडेअकरा. काकूंनी बोटे मोजली. पाच आणि नऊ, रात्री दोनला पोर दारात!

रात्रीचे दोन वाजले. अडीच वाजले, तेव्हा कुठे विमान लंडनहून सुटले. कारण तिकीट मिळवायचे, घरून निघायचे, विमानतळावर तीन तास आधी पोचायचे. तिथले रात्रीचे नऊ ते इथले सकाळचे साडेअकरा. घड्याळात साडेचौदा तास, त्यातले साडेपाच दोन देशांच्या वेळेतल्या फरकाचे. विमान आकाशात नऊच तास होते! पुढे पासपोर्टची रांग, सामान, टॅक्सी. मुलगा खाटेशी पोचला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

फोनपासून साडेवीस तास.

काकांनी डोळे उघडून विचारले, "केव्हा आलास रे?" तो म्हणाला, "आत्ताच, बाबा." काका दिवाळीनंतर सुखरूप घरी आले.

काकू अजूनही मुलगा लंडनला असतो असेच सांगतात. फक्त "नऊ तासांची वाट" म्हणत नाहीत. म्हणतात, "एक रात्र काढावी लागते हो!"