रक्तात शिरलेले जंतू
हैदराबादच्या जामबागेत १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा निघाली. पुढच्याच वर्षी मुसीच्या महापुराने अफझलगंजचे इस्पितळ नेले, आणि त्याच्या जागी निजामाच्या अमलात उभी राहिलेली उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जुलै २०२० मध्ये याच इमारतीच्या दालनांत सांडपाणी शिरले, तेव्हा सर्वांची नजर त्या घाण पाण्यावर खिळली, हे स्वाभाविकच. परंतु दाखल रुग्णाच्या रक्तात जंतूंचा प्रवेश होतो तो पुष्कळदा याहून कितीतरी अरुंद वाटेने, म्हणजे मोठ्या शिरेत औषधासाठी बसवलेल्या नळीच्या मुखातून.

त्वचेवर निरुपद्रवीपणे वसणारे जंतू त्या प्लास्टिकवर चिकट थर रचतात, आणि त्या थराआड प्रतिजैविकांची मात्रा फारशी चालत नाही. म्हणूनच नळीची गरज संपताच ती काढणे हा उत्तम बंदोबस्त होय. निदानासाठी शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच, दोन निरनिराळ्या जागांहून, दर कुपीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घेतात. कुपी ऊबदार यंत्रात साधारण पाच दिवस राहते. जंतू वाढले की त्यांच्या कार्बन डायऑक्साइडने तळाची चकती रंग पालटते. एकाच कुपीत त्वचेवरचा जंतू उगवला, तर तो बहुधा सुई टोचताना आलेला उपरा असतो. क्लेब्सिएला हा जंतू उगवला, तर मात्र तो उपरा मानण्याची सवलत नाही. आपल्या देशात त्याचे कित्येक वाण कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही जुमानत नाहीत, आणि तरीही त्यांना रोखणारे हात धुण्याचे साधे काम कंटाळवाणे समजले जाते!