पाच की पाव? लॅपटॉपवर आवाज नीट टिपा



आजचा विषय खताचा नाही, बियाण्याचा नाही. पण झालेली फवारणी वाया घालवील असा आहे. हल्ली शेतीचा सल्ला कागदावर कमी आणि आवाजातून जास्त जातो. आम्ही लॅपटॉपसमोर बोलतो, तेच रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडतं आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावभर लागतं. ते धड ऐकू आलं नाही तर काय होतं, हे माझ्याच हातून घडलं आहे म्हणून सांगतो.

गेल्या रब्बीत हरभऱ्याला कळी लागत होती. घाटे अळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्काची कृती मी कार्यालयात बसून रेकॉर्ड केली. ५ किलो निंबोळीची पूड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवा, सकाळी अर्क फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळून एकूण द्रावण १०० लिटर करा. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि मी खुर्चीत मागे रेलून बोलत होतो.

आठ-दहा दिवसांनी एका काकांचा फोन. "साहेब, तुमच्या अर्कानं अळी काय मरंना." पूड किती घेतली, विचारलं. "तुम्हीच सांगितली तेवढी. पाव किलो."

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकलं. 'पाच'मधला 'च' पंख्याच्या घुंइऽऽमध्ये बुडून गेला होता. मलाही 'पाव'च ऐकू आलं. काकांनी वीस पट पातळ पाणी फवारलं, मजुरीही दिली. निंबोळी अर्क चालतो तो लहान अळीवर. फोन आला तोवर अळी मोठी होऊन घाट्यात तोंड खुपसून बसली होती.

असं का होतं? आपल्या बोलण्यात 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस असतात. च, स, श, ट ही व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. सरसर आवाजात आधी तीच गळतात, आणि शब्दांतला फरक तर त्यांनीच कळतो. त्यात मी लांब बसलो होतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट केलं की आपला आवाज माइकपाशी सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पंख्याचा मात्र होता तेवढाच राहतो.

म्हणून पहिलं काम, माइक जवळ आणा. लॅपटॉपचा स्वतःचा माइक बहुधा पडद्याच्या वर, कॅमेऱ्याशेजारी असतो, आणि लॅपटॉपच्या पोटातला पंखाही जवळच फिरत असतो. शर्टाला लावायचा साधा कॉलर माइक घ्या आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. घेताना एक बघा. लॅपटॉपला हेडफोन-माइकचं एकच भोक असेल तर माइकच्या पिनेवर तीन काळे पट्टे लागतात. दोनच पट्ट्यांची पिन त्यात बऱ्याचदा चालत नाही, आणि आपल्या नकळत रेकॉर्डिंग लॅपटॉपच्याच माइकवर होत राहतं. खात्रीसाठी माइकवर नखाने टकटक करून ऐका. हातातला माइक असेल तर तोंडासमोर सरळ न धरता थोडा बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ म्हणताना भसकन हवा आदळत नाही.

दुसरं, खोली. फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंती असलेल्या कार्यालयात आवाज घुमतो. टाळी वाजवून बघा. मागे झणका राहिला तर तिथे बोलू नका. मला सर्वांत चांगली जागा सापडली ती धान्याच्या पोत्यांची खोली. भरलेली पोती आवाज गिळतात. ती नसतील तर समोर आणि पाठीमागे गोधडी टांगा. पत्र्याच्या शेडमध्ये पावसात बसूच नये.

पंखा बंद करा, चार्जर काढून बॅटरीवर घ्या. काही चार्जरांमुळे रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुण येते. खरं सांगायचं तर भारनियमनाचा मला झालेला एकमेव फायदा हाच. लाईट गेली की पंखा थांबतो, पाण्याच्या मोटारी थांबतात, आणि आवाज कसा स्वच्छ येतो!

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. बोलताना आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान नाचू द्या. ती शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही. कमी आलेला वाढवता येतो. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. त्या शांततेचा नमुना देऊन ऑडॅसिटी मागची सरसर कमी करते. पण हा उपाय बेताने. जास्त केलं की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो, आणि 'च' पुन्हा जातो तो जातोच. भोंग्यासाठी ८० हर्ट्झच्या खालची घरघर हाय-पास फिल्टरने काढून टाका, तिचा तिथे काही उपयोग नाही.

भजनी मंडळींनी हेच करावं, फक्त टाळकऱ्यांना गाणाऱ्यापासून चार पावलं मागे उभं करावं. टाळ शब्द खाऊन टाकतो.

आणि आकडा दोनदा सांगायचा, दोन तऱ्हांनी. "पाच किलो. हाताची बोटं पाच, तितके किलो."

यंदा अर्काचं रेकॉर्डिंग मी गटावर टाकण्याआधी त्याच काकांना पाठवलं. मी त्यांना मुद्दाम मोटार चालू ठेवून, बांधावर उभं राहून ऐकायला सांगितलं होतं. थोड्या वेळाने फोन आला.

"किती ऐकू आलं, काका?"

"पाच. पण साबणाचं परत सांगा, तिथं तुम्ही लई घाई केली."

तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड केला आणि संध्याकाळी गटावर टाकला.