आधी लेव्हल

कोल्हापुरात मामांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रॉकेलचा वास कोंडलाय. टेलस्टॉकचे सुटे भाग परातीत भिजत पडलेत आणि मामा चिंधीनं बेड पुसतायत. लेथ मशीन हरिहरचं, म्हैसूर किर्लोस्करचं. तो कारखाना 1941 चा. हे मशीन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाहेर पडलेलं. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग कातण्यात त्याची उमर गेली आणि शेवटी ते वजनावर विकायला निघालं. मामांनी भंगाराच्याच भावात उचललं.

माझं बोट धरून ते बेडच्या पुढच्या व्ही-वेवर, चकच्या जवळ नेतात. ‘‘नख फिरव.’’

नख अडतं. बारीक पायरी आहे. कॅरेज जिथं कधी पोचतच नाही तिथलं बीड मूळ उंचीवर आहे. तिथून पुढं हातभर ते खाली गेलंय. लेथवरची बहुतेक कामं आखूड, चकला लागून होणारी, म्हणून झीज तिथंच साठते. टेलस्टॉककडे मात्र कारखान्यातल्या घासकामाचे ठसे अजून स्वच्छ दिसतात. कॅरेजला खालून धरणारी पट्टी चकजवळ घट्ट केली, तर टेलस्टॉककडे गेल्यावर ती आवळते. मामा ती मुद्दाम सैलसर ठेवतात.

मामांची नात आयटीआयला टर्नर ट्रेड करते. ती हिरव्या रंगाचा डबा घेऊन दारात उभी आहे.

‘‘आजोबा, बॉडी घासून घेऊ का?’’

‘‘रंग लावून काय हुतंय गं? आधी लेव्हल.’’

डबा कोपऱ्यात जातो आणि लाकडी पेटीतून मशीन लेव्हल निघते. हिच्या नळीतला बुडबुडा एक रेघ सरकला की समजायचं, मीटरमागे 0.02 मिलिमीटर उतार. गवंड्याच्या लेव्हलला हे दिसणारच नाही. नात ती बेडवर आडवी, हेडस्टॉकजवळ ठेवते. बुडबुडा मधोमध थांबतो. तशीच उचलून टेलस्टॉककडे ठेवते आणि तो मागच्या बाजूला पळतो. म्हणजे पुढचा पाय खाली बसलाय आणि बेडला पीळ पडलाय. खाटेचा एक पाय उणा असला की चौकट पिळते, तसंच हे. एवढं जाड बीड वाकत नाही असं आपल्याला वाटतं. पण फरशी खालीवर असली की ते स्वतःच्या वजनानंच पिळतं.

मामांना लेव्हलचा शब्दही पुरेसा वाटत नाही. ते चकमध्ये वीतभर लांबीची जाड सळई धरतात. तिचा मधला भाग आधीच बारीक कातलाय. एक कॉलर चकजवळ, दुसरी मोकळ्या टोकाला. टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, नाहीतर त्याची चूक बेडच्या माथी बसते. घरात सिंगल फेज, मोटर थ्री फेज. मधे व्हीएफडी बसवलाय. मोटर घुमते. क्रॉस स्लाइडला हात न लावता टूल दोन्ही कॉलरवरून अगदी हलका काप घेतं आणि केसासारखा कीस गळतो.

नात मायक्रोमीटर लावते. ‘‘चकजवळ 38.42. बाहेर 38.48.’’

‘‘बाहेर जाड. म्हंजे टूल सेंटरपासून लांब चाललंय. पुढचा बोल्ट वर घे, टेलस्टॉककडचा. जरासाच.’’

ती पाना घालते आणि बोल्ट जेमतेम हलवते. पुन्हा लेव्हल, पुन्हा काप, पुन्हा मायक्रोमीटर. फरक 0.03 वर येतो. आणखी थोडा बोल्ट. शेवटी फरक 0.01 उरतो, आणि मामा पाना तिच्या हातातून काढून घेतात. राहिला तो झिजेचा वाटा. पंपाचा शाफ्ट, बुश, पुली असल्या कामांना तो आड येत नाही.

बेड ग्राइंडिंगला पाठवावा लागेल, असं हे मशीन पाहणारा प्रत्येक जण सांगत होता. तो खर्च मशीनच्या किमतीहून जास्त झाला असता. झीज खरी होती, पण कामात येणारा बहुतेक फरक पिळाचा होता, आणि पीळ एका पान्यानं निघाला.

तुमच्या गोदामात असा जुना लेथ धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तो लेव्हलला आणा आणि दोन कॉलर कातून बघा.