परसांतील शौचकूप

आमच्या कोंकणांतील घरीं सुटींत मुलेंबाळें जमलीं कीं परसांतील शौचकूपाची तक्रार ठरलेली. कोणी तरी फिनेलची बाटली ओततोच. परंतु फिनेलनें मळ कुजविणारे जंतूच मरतात. दुर्गंधीचें मूळ ओलावा. यास्तव निवलेली राख डब्यांत ठेवून प्रत्येकानें उठतांना ओंजळभर टाकावी. (निवलेलीच; आम्ही एकदां चुकलों!) स्नानाचें पाणी तिकडे सोडूं नये. छपरावर जाणारी नळी बसवून तिच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. वास वर ओढला जातो, आणि आंत काळोख असल्यास माशा उजेडाकडे जाऊन जाळीशीं अडकतात. विहीर मात्र दूर हवी. जांभ्याच्या भेगांतून घाण लांबवर झिरपते.

माझ्या लहानपणीं मागील दारानें एक गृहस्थ टोपली उचलावयास येत. त्यांचें नांव आम्हीं कधीं विचारलें नाहीं. कणकवलीस १९४८ सालीं गोपुरी आश्रम काढणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं मळाचें खत करण्याचे प्रयोग केले, ते याच लाजेपोटीं वाचले. मग दोन खड्डे खणविले. एक भरला कीं मातीनें बुजवून दुसरा वापरावयाचा. दोन वर्षांनीं पहिला मीं स्वतः उघडला. आंत काळी, निर्गंध माती निघाली. ती केळींस घातली.