बूट चढवण्यासाठी लांब पट्टी

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील आपल्या व्यापारी कुटुंबांत पादत्राणे दिवसातून अनेकदा उतरतात : मंदिराच्या दारी, उपाश्रयात, पेढीवर, घराच्या उंबऱ्याशी. उतरवणे सोपे असते. कंबर, गुडघे किंवा खुबा आखडलेल्या ज्येष्ठांना ती पुन्हा चढवणे अवघड जाते. मग टाच चेपलेला बूट चपलेसारखा ओढला जातो आणि पायरीवर तोल जातो. किंवा सुनेला सांगण्याच्या संकोचाने दर्शनाला जाणेच थांबते.

लांब दांड्याचा शूहॉर्न हा यावरील साधा उपाय. दांडा सुमारे ६० सेंमी असावा. भक्कम खुर्चीवर बसावे, नाड्या सैल कराव्यात, चवडा आत सारावा. पट्टीचे टोक बुटात टाचेमागे धरून टाच तिच्यावरून खाली सरकवावी आणि पट्टी वर ओढून घ्यावी. खुब्याचा सांधा बदललेल्यांना काही आठवडे फार वाकण्यास बहुधा मनाई असते. त्यांना ती विशेष उपयोगी पडते.

पूर्वी ही पट्टी जनावराच्या शिंगाची असे. आता पोलादी, लाकडी, प्लास्टिकची मिळते, तीच निवडावी. एक घरी, एक पेढीवर आणि एक मंदिराबाहेरच्या बाकाशेजारी टांगून ठेवावी, म्हणजे वडीलधाऱ्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही.