गाडी खाली बसवायची, पण कशावर?

मारुती स्विफ्टचं पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटरवर असतं. हौशी माणूस ती तीन इंच खाली आणतो, म्हणजे नव्वद मिलिमीटरही उरत नाहीत. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापातला गतिरोधक घ्या : १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर. चारही चाकं त्याच्या पाठीवर मावतात आणि मधला उंचवटा पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. गाडी अलगद निघून जाते. पण हिंगोलीहून सेनगावला किंवा औंढ्याला जाताना गावोगाव जे आडवे येतात, ते या मापाचे असतीलच असं नाही. काही हातभर रुंद, ताठ आणि रात्रीतून उगवलेले. तिथं आधी ऑइलचा चेंबर टेकतो.

म्हणून गाडी कायमची खाली नको, हवी तेव्हा वर येणारी हवी. त्यासाठी एक हायड्रॉलिक, दुसरं हवेचं सस्पेन्शन. ग्राइंडरनं स्प्रिंगच्या कड्या कापणं हा स्वस्तातला तिसरा उद्योग; त्याच्या नादी लागू नये. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडू शकते.

खाली बसवलेल्या गाड्यांत हायड्रॉलिक आलं ते पोलिसांना चुकवायला. कॅलिफोर्नियानं १९५८ मध्ये नियम केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली लोंबता कामा नये. पुढच्या वर्षी रॉन अगीरे या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला विमानातले जुने हायड्रॉलिक पंप जोडले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली.

आपल्याकडं हायड्रॉलिक कुणाला शिकवायला नको. मुरमाची ट्रॉली रिकामी होताना पाहा. ड्रायव्हर लिव्हर ओढतो, होज पाईप ताठ होतो, ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज जड होतो आणि जॅकचा चकचकीत रॉड टप्प्याटप्प्यानं बाहेर येतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून सगळा जोर भारावर जातो. हा दाब दोन-तीन हजार पीएसआय असू शकतो; कारच्या टायरमध्ये असतो तीस-पस्तीस. होज प्रेस करून देणारा, सील किट बदलणारा मिस्त्री ट्रॅक्टरच्या मुलखात शोधावा लागत नाही, त्यामुळं हिंगोलीतल्या हौशीचा कल साहजिकच हायड्रॉलिककडं जाईल. नेमकी इथंच गफलत होते. ट्रॉलीचा जॅक भार उचलतो; रस्त्यावरचे धक्के खाणं हे त्याचं काम नाही. जे तेल दाबलं जात नाही, ते धक्काही गिळत नाही. म्हणून कारच्या हायड्रॉलिकमध्ये सिलिंडरच्या जोडीला स्प्रिंग ठेवावी लागते, नाहीतर नायट्रोजन भरलेला अॅक्युम्युलेटर. शिवाय पंप चालवायला डिक्कीत बॅटऱ्यांची रांग. चौकात गाडी उड्या मारते, लोक शिट्ट्या वाजवतात, पण नांदेडपर्यंत जाऊन आलात की कंबर बोलते.

हवेचा कारभार वेगळा. प्रत्येक चाकापाशी रबरी बेलो, मागं टाकी, छोटा कॉम्प्रेसर आणि हवा सोडणारे-भरणारे व्हॉल्व्ह. हवा दाबली जाते, म्हणून तीच स्प्रिंग होते आणि जितकी दाबावी तितकी कडक होत जाते. दाब साधारण शंभर पीएसआयच्या आसपास. लांब पल्ल्याच्या ट्रॅव्हल्सवर 'एअर सस्पेन्शन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते हेच. बस भरलेली असो की रिकामी, लेव्हलिंग व्हॉल्व्ह तिची उंची तीच ठेवतो. मात्र हवा पूर्ण काढून जमिनीला टेकवलेली गाडी चालवायची नसते. त्या अवस्थेत ती फक्त उभी छान दिसते.

मी हवेच्या बाजूचा आहे. रोज चालवायची गाडी, मागं आई-वडील बसणार, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि पावसाळ्यात काळ्या मातीवरचा फुगून उसवलेला डांबरी रस्ता, असं असेल तर दुसरं उत्तर नाही. हायड्रॉलिक घ्यावं ते प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीला.

त्याआधी कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागं पाच हजार दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. एकही बोल्ट सैल करण्याआधी आरटीओत लेखी विचारावं आणि विमा कंपनीलाही.

परवानगी मिळाली तर देखभालीचं दुखणं दोन्हींचं निरनिराळं. हवेची गाडी रात्रीतून एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की कुठंतरी गळती आहे. सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथं चोर सापडतो. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, ते खालच्या नळीतून काढत राहायचं, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात. हायड्रॉलिकची गळती मात्र हातानं कधीच चाचपू नये. हजारो पीएसआयची केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट कापायची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरायचा, आणि तसं काही झालंच तर दुखण्याची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.