भुतांची पंगत



धारहून मांडवगडाकडे निघाले म्हणजे वाटेत नालछा हे गाव लागते. तेथून पुढे मांडवगडाच्या बाजूला गोरखचिंचेची झाडे दिसू लागतात. बुंधा हत्तीच्या पोटासारखा, फांद्या आखूड आणि वेड्यावाकड्या. पाने गळाली म्हणजे कोणी हे झाड उपटून उलटे पुरले आहे आणि त्याची मुळे आभाळात गेली आहेत, असा भास होतो. तिन्हीसांजेच्या वेळी त्या झाडाकडे पाहून लहान मूल आईचा पदर घट्ट धरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मूल त्याच झाडाचे फळ फोडून आतला पांढरा, आंबट गर मजेत चोखत बसते. रात्री ज्याची भीती वाटली त्याचीच सकाळी चव घ्यावयाची, ही गोष्ट मुलाला कोणी शिकवीत नाही. आज मी ज्या खाद्यपदार्थांविषयी बोलणार आहे, त्यांचे मूळ याच गोष्टीत आहे.

पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री हॅलोवीन नावाचा सण करतात. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती धर्मातील सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. त्यांच्या आदल्या रात्रीला आयर्लंड व स्कॉटलंडमधील जुन्या केल्टिक लोकांच्या ऋतुबदलाच्या सणाची जोड मिळाली. पीक घरात आले, रात्री मोठ्या होऊ लागल्या, आता मेलेली माणसे घराकडे फिरकतील, अशी ती समजूत होती. तिकडचे लोक सलगम पोखरून त्यावर तोंड कोरीत आणि आत दिवा ठेवीत. पुढे ते अमेरिकेत गेले. तेथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि पोखरावयास सोपा असा भोपळा सापडला. इंग्लंडात या दिवसांत मृतांच्या नावाने छोट्या गोड पोळ्या दारी आलेल्यांना वाटीत, आणि आयर्लंडात सुक्या मेव्याच्या पावात अंगठी दडवून भविष्य पाहत. मेक्सिकोत तर साखरेच्या कवट्या करून त्यांवर मुलांची नावे घालतात.

आता हा सण आपल्याही शहरांत येऊ लागला आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेसोबत तो साजरा करतात, आणि इकडे इंदूर-पुण्यातील मुलेही त्या दिवशी काहीतरी भयंकर खावयास मागतात. काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना मी इतकेच विचारीन की, आपल्या घरात हे सारे नव्हते काय? नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट पायाच्या अंगठ्याखाली चिरडतो, ते नरकासुराचे मस्तक समजून. त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मग फराळाला बसतो. गोव्यात नरकासुराच्या मोठमोठ्या प्रतिमा रात्रभर मिरवून पहाटे जाळतात आणि घरोघर दुधातले, गुळातले, ताकातले असे नाना तऱ्हांचे पोहे खातात. धनत्रयोदशीला यमासाठी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावतो. शेजारच्या गुजरातेत काळी चौदसीला वडे तळून चव्हाट्यावर ठेवून येतात, म्हणजे घरातला कलह बाहेर गेला! माळव्या-निमाडात नवरात्रात मुली भोके पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून घरोघर गाणी म्हणत हिंडतात. त्याला घडल्या म्हणतात. त्या मडक्यात आणि कोरलेल्या भोपळ्यात फरक तो किती? २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन ३१ ऑक्टोबर या एकाच तारखेला आले होते.

परंतु नालछ्याच्या परिसराचे नाव काढले म्हणजे भीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्यावाचून हा विषय नुसत्या करमणुकीचा ठरेल.

मांडवगडचा सुलतान घियासशाह खिलजी याच्या काळात ‘निमतनामा’ नावाचा पाककलेचा ग्रंथ रचावयास सुरुवात झाली आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात तो पुरा झाला. सुमारे १४९५ ते १५०५ हा त्याचा काळ. समोसे, भात, सरबते, सुगंध अशा अनेक कृती त्यात आहेत, पन्नास चित्रे आहेत, आणि मिशाळ सुलतान स्वतः स्वयंपाकावर देखरेख करताना त्यांत दिसतो. ती पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. याच घियासशाहाला त्याच्या मुलाने विष देऊन मारले अशी कथा पुढे रूढ झाली. जहांगीर बादशहा १६१७ साली मांडवगडास आला, तेव्हा त्याने ती आपल्या आठवणींत लिहून ठेवली. दोनदा विष दिले, ते बापाने उताऱ्याने परतविले. तिसऱ्यांदा मुलाने स्वतःच्या हाताने सरबताचा पेला पुढे केला. ही कथा मनावर घेऊन जहांगिराने नासिरशाहाच्या थडग्याला लाथा मारविल्या आणि आतले अवशेष नर्मदेत टाकावयास लाविले. एवढ्या मोठ्या पाकग्रंथाच्या घराण्यात सर्वांत भयंकर वस्तू निघाली ती एक सरबताचा पेला, आणि तोही भुताने नव्हे, माणसाने पुढे केलेला!

दुसरी हकीकत याहून अलीकडची. पेंढाऱ्यांच्या धामधुमीनंतर माळव्याचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम हा नालछ्यास राहत असे. तेथील एक जुनी इमारत त्याने दुरुस्त करून घेतली होती. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात त्याने या मुलखातील डाकिणीच्या समजुतीविषयी लिहिले आहे. गावात मूल आजारी पडले, गुरे दगावली, की एखाद्या म्हाताऱ्या, एकट्या बाईवर बोट ठेवावयाचे. आणि मग तिचे हाल करावयाचे, तिचा जीव घ्यावयाचा. ही गोष्ट त्या शतकाबरोबर संपली नाही. अशा प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी तो कायदा झाला.

तेव्हा भीतीच्या या दोन तऱ्हा आहेत. एक, जिचे आपण खेळणे करतो, जिला ताटात वाढून खातो. दुसरी, जी माणसाच्या अंगावर सोडली जाते. मुलांना पहिली भरपूर द्यावी, म्हणजे दुसरीचे फसवे रूप त्यांना ओळखता येईल. या दृष्टीने आता स्वयंपाकघरात जाऊ या.

प्रथम भोपळा. लाल भोपळ्याच्या देठाकडून झाकण कापा, आतील बिया व गर काढा आणि बाहेरून डोळे व तोंड कोरा. झाकणालाही एक भोक पाडा, म्हणजे हवा खेळती राहील आणि दिवा विझणार नाही. पणती मोठ्या माणसाने लावावी. काढलेला गर टाकावयाचा नाही, त्याचे घारगे करावयाचे. दोन वाट्या कीस आणि एक वाटी गूळ एकत्र शिजवा. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन आणि मावेल इतकी कणीक घालून मळा. पाण्याचा थेंबही घालू नये. भोपळ्याला सुटलेले पाणी पुरते. घारगे थापल्यावर शेंगदाण्याएवढी दोन भोके डोळ्यांच्या जागी पाडा आणि तोंडाच्या जागी सुरीने एक फट द्या. नेहमीचा घारगा फुगतो तो आत कोंडलेल्या वाफेने. येथे वाफ भोकांतून निसटते, म्हणून हा घारगा चपटा राहतो आणि मुखवट्यासारखा खुसखुशीत होतो. ज्या मुलांना फुगलेलाच हवा, त्यांच्यासाठी चार बिनडोळ्यांचे ठेवा.

दुसरा पदार्थ चेटकिणीची बोटे. हा नानखटाईचाच प्रकार आहे, परंतु खायचा सोडा घालावयाचा नाही. सोड्याने नानखटाई पसरते आणि बोटांची टिकली होते. पाऊण वाटी घट्ट तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसा, त्यात दोन वाट्या मैदा व दोन चमचे बारीक रवा घालून गोळा करा. करंगळीहून बारीक वळ्या करा, कारण भाजताना त्या थोड्या जाड होतात. मध्ये दोन ठिकाणी चिमटून सांधे दाखवा, सुरीच्या पाठीने सुरकुत्या पाडा आणि टोकाला सोललेल्या बदामाची अर्धी फोड नखासारखी दाबून बसवा. अर्धा तास थंड जागी ठेवून मग मंद आचेवर भाजा. भट्टी नसेल तर जुन्या रीतीप्रमाणे जाड बुडाच्या भांड्यात वाळूचा थर तापवून, वर ताटली ठेवून झाकणाखाली भाजता येतात. अगदी लहान मुलांच्या वाट्याची नखे खोबऱ्याच्या पातळ कापाची करावी. बदामाची फोड त्यांच्या घशात अडकण्याचा संभव असतो.

तिसरा पदार्थ आमच्या माळव्याचा खास, गराडू. थंडीची चाहूल लागली की हा कंद इंदूरच्या बाजारात येतो. केसाळ, गाठाळ, एखाद्या राक्षसाच्या पावलासारखा दिसणारा हा कंद प्रथम मुलांना आख्खा दाखवावा आणि मगच चिरावा. हाताला तेल लावून सोलावा, नाहीतर खाज सुटते. फोडी मंद आचेवर तळून घ्याव्या आणि वाढते वेळी पुन्हा कडक तेलात लालसर तळाव्या. वरून चाट मसाला व लिंबू. बाहेरचे रूप आणि आतली चव यांचा काही संबंध नसतो, हा धडा गराडू तोंडी व्याख्यानापेक्षा चांगला शिकवितो.

आता पेये. मांडवगडच्या पेल्याची आठवण म्हणून सरबत हवेच, पण उतारा लागू नये असे! गोरखचिंच मिळाली तर दगडाने तिचे टणक कवच फोडा, आतला पिठूळ गर पाण्यात भिजवून कुस्करा, गाळा आणि गूळ, भाजलेले जिरे व सैंधव घाला. ती न मिळाल्यास कोकमाचे लालभडक सरबत करा. त्यात भिजविलेला सब्जा सोडला की बेडकाची अंडी तयार. सब्ज्याच्या बीवरील चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि मध्ये काळा ठिपका राहतो. मात्र बी पुरते फुगल्यावरच प्यावयास द्यावे. दुसऱ्या भांड्यात, औषध न फवारलेल्या निळ्या गोकर्णीच्या दहा-बारा फुलांचे हिरवे देठ काढून ती गरम पाण्यात टाका. पाणी गर्द निळे होते. ते थंड करून पेल्यांत ओता, साखर घाला आणि प्रत्येक मुलाच्या हाती लिंबाची फोड द्या. लिंबू पिळताच निळे पाणी जांभळे होते.

येथे थोडे थांबून मुलांना कारण सांगावे. फुलातील तो रंग आंबट पदार्थ मिळताच बदलतो, एवढेच. मग त्यांना शेवटचा प्रयोग करून दाखवावा. सुरीच्या पात्यावर लाल जास्वंदीच्या पाकळ्या चोळा आणि ते वाळू द्या. पाते नुसते मळकट दिसते. त्याने पिवळे लिंबू कापा. कापलेल्या जागी रक्तासारखा लाल रस दिसू लागेल. उताऱ्याच्या लिंबातून रक्त काढणारा भोंदू याहून अधिक काही करीत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हाच प्रयोग गावोगाव करून दाखवितात. या रक्ताळलेल्या लिंबाकडे बोट दाखवून जेव्हा कोणी म्हणतो की, ‘गावात डाकीण आहे’, तेव्हा पुढचे हाल कोणाचे होतात ते आपण ऐकलेच. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने लिंबातून रक्त काढले आहे, ते मूल उद्या त्या गर्दीत दगड उचलणार नाही, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.

म्हणून या पंगतीला मी एकच नियम घालीन. राक्षस व्हा, वेताळ व्हा, उलट्या पायाचे भूत व्हा. पण गल्लीतल्या कोणा म्हातारीची, कोणा एकट्या बाईची नक्कल करून तिला डाकीण म्हणावयाचे नाही. उलट, दिवे लावून झाले की घारग्यांची पहिली बशी तिच्याच घरी पोहोचवावी, आणि ती मुलांनी मुखवटे काढून न्यावी.

बाकीचे मुखवटे तळलेले आहेत. ते गरम आहेत तोवर खाऊन टाकावे.